जुनी गाडी, परके भाग

मोटरसायकलच्या चाकातले बेअरिंग काढून रॉकेलने पुसले, की त्याच्या कडेवर एक आकडा दिसतो: ६२०२, ६३०१, ६३०२ असा काहीतरी. हा आकडा हिरोचा नाही, बजाजचा नाही, यामाहाचाही नाही. जगभर तो एकच आहे. त्याचे शेवटचे दोन अंक आतल्या भोकाचे माप सांगतात. ०० म्हणजे १० मिलिमीटर, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७; ०४ पासून पुढे अंकाला पाचने गुणायचे, म्हणजे ०४ ला २०. ६३०२ चे बाहेरचे माप ४२ मिमी आणि जाडी १३. ६००४ चेही बाहेरचे माप ४२ मिमीच, जाडी १२, पण आतले भोक २० मिमीचे. याचा अर्थ असा, की ज्या हबमध्ये ६३०२ बसते त्याच हबमध्ये ६००४ ठोकून, एक मिमीचा वायसर देऊन, १५ च्या जागी २० मिमीचा जाड एक्सल घालता येतो. भार पेलण्याची ताकद थोडी घटते, पण हब न बदलता चाक दुसऱ्या गाडीच्या शॉकपमध्ये, म्हणजे पुढच्या फोर्कमध्ये, उभे राहते. हे ज्याला ठाऊक आहे त्याला दुकानात जाऊन ‘अमक्या गाडीचे बेअरिंग द्या’ असे म्हणावे लागत नाही. तो आकडा सांगतो.

नंदुरबार जिल्ह्यात ही विद्या हौसेपेक्षा गरजेची आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा. त्यामुळे इथल्या खरोखर जुन्या गाड्यांवर आजही धुळ्याचा एमएच-१८ दिसतो आणि नव्यांवर एमएच-३९. दक्षिणेला तापीकाठची सपाटी, शहादा-तळोद्याची काळी जमीन. उत्तरेला सातपुडा, धडगाव, मोलगी आणि नर्मदेकडे उतरणारे पाडे. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून उंच. चांदसैलीचा घाट अरुंद, पावसाळ्यात दरड कोसळून बंद पडणारा. अशा रस्त्यावर गाडी म्हणजे दोन माणसे आणि वर बाजाराचे ओझे. गाडी जुनी झाली म्हणून ती टाकून देणे परवडत नाही, आणि राजदूत, येझदी, यामाहा आरएक्स यांचे अस्सल भाग आता सहज मिळत नाहीत. मग दुसरीचे पहिलीला लागते. शहरातल्या हौशी पोराने बुलेटचा ‘बॉबर’ करणे आणि अक्कलकुव्याच्या फिटरने राजदूतला दुसऱ्या गाडीचे पुढचे चाक बसवणे, यांत पैशाचा आणि रंगाचा फरक असेल; भौतिकशास्त्र तेच आहे.

या उद्योगाला कमी लेखण्याचे कारण नाही. मोटरसायकलींच्या इतिहासातली एक अतिशय देखणी गाडी अशाच कलमातून निघाली. इंग्लंडमध्ये १९५० साली नॉर्टन कंपनीच्या शर्यतीच्या गाडीला बेलफास्टच्या मॅककँडलेस बंधूंनी घडवलेली ‘फेदरबेड’ चेसिस मिळाली. वळणावर ही चेसिस इतकी स्थिर राहायची की तिची ख्याती पसरली. ट्रायम्फकडे जोरदार जोडसिलिंडर इंजिन होते, पण चेसिस त्या तोडीची नव्हती. त्या काळी पाचशे सीसीच्या छोट्या रेसिंग मोटारी बनवणाऱ्यांना नॉर्टनचे इंजिन हवे असे. कंपनी नुसते इंजिन विकेना, म्हणून ते अख्खी गाडी विकत घेत आणि इंजिन काढून घेत. मागे उरायची ती बिनइंजिनाची फेदरबेड. पोरांनी त्यात ट्रायम्फचे इंजिन बसवले आणि गाडीला नाव पडले ‘ट्रायटन’. यात शिकण्यासारखी गोष्ट एक आहे. इंजिन बसवताना त्यांनी चेसिस कापली नाही. इंजिन आणि चेसिस यांच्यामध्ये अॅल्युमिनियमच्या पट्ट्या कापून घातल्या. बदल झाला तो मधल्या पट्टीत, आणि ती पट्टी बिघडली तर फेकून नवी करता येते.

आपल्या शेजारीही हा वारसा आहे. सौराष्ट्रातला छकडा म्हणजे पुढे बुलेटचे तोंड, मधे डिझेल इंजिन आणि मागे दोन चाकांचा हौदा. अमरेली जिल्ह्यातल्या मोटा देवळिया गावच्या मनसुखभाई जगानी यांनी १९९४ च्या सुमारास बुलेटला मागे कुळवाचे दाते जोडून ‘बुलेट सांती’ केली आणि राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने तिची दखल घेतली. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी दुचाकीचे आणि भंगारातले भाग जोडून किक मारून चालू होणारी छोटी चारचाकी बनवली. आनंद महिंद्रा यांनी २०२१ च्या डिसेंबरात तिचे जाहीर कौतुक केले, बदल्यात नवी बोलेरो देऊ केली, आणि ही गाडी कुठल्याच नियमात बसत नाही हेही त्याच दमात सांगितले. ही शेवटची गोष्ट पुढे लागणार आहे.

कुठल्या गाडीचे काय कुठे बसते, हा प्रश्न गॅरेजमध्ये सर्वांत आधी येतो. त्याचे उत्तर बरेचदा कंपनीच्या वंशावळीत असते. हिरो होंडाची सीडी १०० आली १९८५ मध्ये, स्प्लेंडर १९९४ मध्ये. दोन्हींचे इंजिन ९७.२ सीसीचे: बोअर ५० मिमी, स्ट्रोक ४९.५ मिमी. त्याच आडव्या सिलिंडरच्या घराण्यातून पुढची कितीतरी मॉडेले निघाली आणि भावंडांचे कपडे एकमेकांना व्हावेत तसे त्यांचे भाग एकमेकांना होतात. यामाहाची आरएक्स १०० म्हणजे ५० बाय ५०, ९८ सीसी. तिची थोरली बहीण आरएक्स १३५ हिचा बोअर ५८, पण स्ट्रोक तोच ५०. क्रँकची उसळी सारखीच असल्यामुळे १३५ चा ब्लॉक १०० ला चढवण्याचा मोह पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तो चढतो की नाही हे मात्र स्ट्रोकवर ठरत नाही. क्रँककेसच्या तोंडाची रुंदी आणि स्टडची जागा ते ठरवते. जुनी लोखंडी ब्लॉकची बुलेट घ्या. ३५० चे माप ७० बाय ९०, ५०० चे ८४ बाय ९०. स्ट्रोक इथेही सारखाच. घराणे ओळखले की अर्धे काम होते. घराणे वेगळे असेल तर पट्टी आणि व्हर्नियर कॅलिपर हातात घ्यावे लागतात.

सर्वांत जास्त मागणी असते पुढच्या डिस्क ब्रेकला, आणि सर्वांत जास्त चुकाही तिथेच होतात. कारण एक ब्रेक बदलायला गेलो की पुढचे अख्खे तोंड बदलते. डिस्कचा कॅलिपर शॉकपच्या खालच्या नळीवर बसतो. जुन्या ड्रमवाल्या नळीवर तो बसवायला कानच नसतो. काही जण त्या अॅल्युमिनियमच्या नळीवर कान वेल्ड करून घेतात. करू नये. पूर्ण जोराने ब्रेक लागला की गाडीची सगळी गती त्या दोन बोल्टांमधून जाते, आणि ओतीव अॅल्युमिनियमवरचे रस्त्याकाठचे वेल्डिंग आतून कसे आहे हे बाहेरून कुणालाच दिसत नाही. म्हणून डिस्क हवी असेल तर शॉकप, टी (दोन्ही शॉकप धरणारा जोड), चाक, एक्सल, कॅलिपर आणि हँडलवरचा मास्टर सिलिंडर हे सगळे एकाच दात्या गाडीचे, म्हणजे जिचे भाग काढून घेतो त्या गाडीचे, घ्यावे.

आता हा सगळा संच जुन्या चेसिसच्या तोंडात बसवायचा. तिथे गाठ पडते ती कोनसेटशी, म्हणजे हँडल ज्यावर फिरते त्या वर-खालच्या बेअरिंगांशी. चेसिसच्या तोंडाचा व्यास, त्याची उंची आणि टीच्या मधल्या दांड्याची जाडी ही तीन मापे जुळायला हवीत. तोंडाचा व्यास बदलता येत नाही, बदलूही नये. दांडा बदलता येतो. चांगला लेथवाला दात्या गाडीच्या टीमधून तिचा दांडा दाबून काढतो आणि जुन्या गाडीचा दांडा तिच्यात दाबून बसवतो. किंवा दांडा तसाच ठेवून, आतल्या मापाला दात्याचे आणि बाहेरच्या मापाला जुन्या चेसिसचे असे बेअरिंग आकड्यांच्या तक्त्यातून शोधतो. दुसरा मार्ग मला जास्त पसंत आहे. त्यात कापाकापी नाही, आणि उद्या बेअरिंग खराब झाले तर तोच आकडा कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतो.

तोंड बसले, हँडल फिरले, म्हणजे काम झाले असे वाटते. पण गाडी आता सरळ चालेल का, हे ठरवणारे एक माप डोळ्यांना दिसत नाही. कपाटाखालच्या फिरत्या चाकाकडे पाहा: चाक जमिनीला जिथे टेकते ती जागा त्याच्या खुंटीच्या मागे असते, म्हणूनच ढकलले की ते आपोआप सरळ होते. मोटरसायकलचेही तसेच. हँडलची तिरकी रेषा खाली जमिनीपर्यंत वाढवली तर ती चाक टेकण्याच्या जागेच्या पुढे जाऊन पडते. या दोन बिंदूंमधले अंतर म्हणजे ट्रेल. ते पुरेसे असेल तर खड्ड्यातून उसळल्यावर हँडल स्वतःच सरळ होते. कमी झाले तर गाडी हलकी लागते, चपळ वाटते, आणि उतारावर वेगात अचानक हँडल थरथरू लागते. फार वाढले तर सरळ रस्त्यावर आगगाडीसारखी जाते, पण घाटाच्या वळणावर वळवताना खांदे दुखतात.

आकड्यांत बघू. चाकाची त्रिज्या ३१० मिमी, हँडलची रेषा उभ्यापासून २६ अंश कलती आणि टीने शॉकपला ५० मिमी पुढे ढकललेले. ट्रेल येतो सुमारे ९६ मिमी. आता दुसऱ्या गाडीचे आखूड शॉकप लावले आणि पुढचा भाग खाली बसून कोन २३ अंशांवर आला, तर ट्रेल उरतो ७७. एक पंचमांश गेला, आणि डोळ्यांना फरक दिसला तो फक्त ‘गाडी जरा खाली झाली’ एवढा. उलट हॉलिवूडच्या ‘ईझी रायडर’ या १९६९ च्या चित्रपटातल्यासारखी लांब चॉपर करायची म्हणून कोन ३५ अंशांवर नेला, तर तोच ट्रेल १५६ च्या घरात जातो. दोन चाकांमधले अंतर १३०० मिमी असेल तर पुढचा भाग ५० मिमी वर किंवा खाली झाला की कोन साधारण २ अंशांनी सरकतो. हे गणित लक्षात ठेवले तर शॉकप विकत घेण्याआधी टेपने दोन्हींची लांबी मोजायची सवय लागते. फरक २० मिमीच्या आत असेल तर शॉकप टीमध्ये वर-खाली सरकवून भागते. त्याहून जास्त असेल तर दुसरा दाता शोधावा.

चाकाच्या बाबतीत एक गैरसमज फार पसरलेला आहे. अठराच्या जागी सतराचे चाक लावले की गाडी बुटकी होते, असे सर्रास म्हणतात. रिमचा आकडा म्हणजे चाकाची उंची नव्हे. २.७५-१८ चा टायर चढवलेले चाक साधारण ५९७ मिमी उंच भरते. ९०/९०-१७ चे ५९४. फरक तीन मिलिमीटर. रिम लहान, पण टायर जाड, म्हणून बेरीज तीच. हे कळले की स्पीडोमीटरचीही काळजी मिटते, कारण चाकाचा घेर जवळपास तोच राहिला तर काटाही तेवढेच दाखवतो. अर्थात स्पीडोमीटरची केबल ज्या पेचात बसते तो पेच दोन्ही गाड्यांचा सारखा हवा. नव्या गाड्यांत तर केबलच नसते, सेन्सर असतो. कित्येक सुंदर गाड्या याच कारणाने बंद काट्याने फिरत असतात.

ब्रेकचा संच एकाच गाडीचा घ्यावा असे वर म्हटले, त्याचे कारण पास्कलच्या नियमात आहे. बोटांनी लिव्हर दाबला की मास्टर सिलिंडरचा दट्ट्या तेलावर दाब देतो, आणि हा दाब दट्ट्याच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो. ११ मिमीच्या मास्टरच्या जागी देखणा म्हणून १४ मिमीचा बसवला, तर क्षेत्रफळ १.६२ पट होते आणि तेवढ्याच बोटांच्या जोराने तेलातला दाब सुमारे ३८ टक्क्यांनी घटतो. लिव्हर दगडासारखा घट्ट लागतो. चालवणारा खूश होतो, की ब्रेक ‘कडक’ झाला. प्रत्यक्षात तो कमजोर झालेला असतो. उलट फार लहान मास्टर लावला तर ब्रेक मऊ आणि जोरदार, पण लिव्हर हँडलला येऊन टेकतो. महागड्या चमकदार लिव्हरपेक्षा दात्या गाडीचा जुनाच मास्टर वॉशर-किट बदलून बसवलेला बरा.

तोरणमाळाहून उतरताना ब्रेकला किती काम पडते, याचा अंदाज घेऊ. गाडी, दोन माणसे आणि सामान मिळून २५० किलो धरा आणि उतार ९०० मीटरचा. ही उंची उतरताना सुमारे २२ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. साडेसहा लिटर थंड पाणी उकळीपर्यंत आणायला एवढी उष्णता पुरते. त्यातला काही भाग वारा खातो, काही इंजिन, उरलेला ब्रेक. बंद ड्रममध्ये लायनर तापला की त्याची पकड सुटते. उघडी डिस्क वाऱ्याने थंड होत राहते. म्हणून डोंगरातल्या गाडीला डिस्क ही चैन नाही. आणि इथेच टू-स्ट्रोक गाडीची एक अडचण लक्षात घ्यावी. राजदूत, येझदी यांच्या टाकीत पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेले असते. उतारावर अॅक्सिलरेटर बंद ठेवून इंजिनने गाडी अडवायची म्हटले, तर पेट्रोल बंद, म्हणजे ऑइलही बंद, आणि पिस्टन मात्र वेगाने पळत असतो. फोर-स्ट्रोकला पंपाचे ऑइल मिळत राहते. जुन्या टू-स्ट्रोकला चांगला पुढचा ब्रेक हवा तो यासाठी. आणि उतारावर मधूनमधून अॅक्सिलरेटर हलका उघडत राहावे.

आता मागे वळू. मागच्या चाकाची अदलाबदल सोपी वाटते, पण तिथे एक रेषा सांभाळावी लागते. पुढचा लहान स्प्रॉकेट आणि मागचा मोठा स्प्रॉकेट एकाच सरळ रेषेत हवेत. गॅरेजच्या भाषेत चेन-सॉकेटची लाइन. चाक मधोमध आणि चेन सरळ, या दोन्ही अटी एकदम पाळायच्या असतात. दुसऱ्या गाडीचे रुंद हब चिमट्यात, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या दोन बाहूंत, बसवून एका बाजूला बुश कापले, की एक अट जमते आणि दुसरी मोडते. लेथवर स्प्रॉकेटमागे चकती देणे किंवा हबची कड तेवढी खरवडणे, हा उपाय. लाइन चुकलेली चेन आवाजाने आणि एका बाजूने झिजलेल्या दातांनी स्वतःच तक्रार करते.

चेनवरही आकडा असतो, आणि तोही सगळ्या कंपन्यांना सारखाच लागू. पहिला अंक म्हणजे दोन पिनांमधले अंतर, इंचाच्या अष्टमांशांत. ४२८ ची चेन म्हणजे चार अष्टमांश, अर्धा इंच, १२.७ मिमी. ५२० आणि ५३० म्हणजे पाच अष्टमांश, १५.८७५ मिमी. पुढचे दोन अंक रुंदी सांगतात: २० म्हणजे पाव इंच, २८ म्हणजे पाच षोडशांश, ३० म्हणजे तीन अष्टमांश. शंभर सीसीच्या बहुतेक गाड्या ४२८ वर चालतात. त्यांच्यात ५२० च्या गाडीचे मागचे चाक आणले तर स्प्रॉकेट बदलल्याशिवाय काहीच जमणार नाही, कितीही ठोका.

स्प्रॉकेटच्या दातांबद्दल मात्र घाटात राहणाऱ्याला एक स्वस्त युक्ती सांगतो. समजा पुढे १४ दात आणि मागे ४२, गुणोत्तर ३. पुढचा स्प्रॉकेट १३ चा केला की गुणोत्तर ३.२३ होते. मागच्या चाकावरचा जोर जवळपास ८ टक्क्यांनी वाढतो, तेवढाच वरचा वेग घटतो. हाच परिणाम मागचे दात वाढवून हवा असेल तर तीन दात वाढवावे लागतात आणि चेनही लांब घ्यावी लागते. मोलगी-धडगावच्या चढावर ओझे नेणाऱ्याला इंजिन बदलण्याआधी हा एक दात पुरेल का, ते पाहायला हरकत नाही.

जुन्या बुलेटवर काम करणाऱ्याला आणखी एक सापळा भेटतो: आटे. मद्रासला १९५५ मध्ये एनफिल्ड इंडिया सुरू झाली ती इंग्लंडच्या रेडिचचे नकाशे घेऊन, आणि त्या नकाशांत ब्रिटिश आटे होते. त्यांचा कोन ५५ अंशांचा, मेट्रिकचा ६०. पाच षोडशांश इंचाचा बोल्ट ७.९४ मिमी जाड, मेट्रिकचा आठाचा बोल्ट ८. डोळ्यांना एकच. ब्रिटिश बारीक आट्यात एका इंचात २२ वळसे, म्हणजे एका वळशाला १.१५ मिमी; मेट्रिकमध्ये १.२५. त्यामुळे आठाचा बोल्ट अशा भोकात एक-दोन वळसे हाताने जातो आणि मग अडतो. अडल्यावर जो पाना लावून ओढतो तो क्रँककेसचे आटे सोलतो. यामाहाच्या उजव्या आरशाचे आटे तर उलटे असतात, फांदी आदळली तर आरसा सैल होऊन फिरावा म्हणून. त्या भोकात दुसऱ्याच गाडीचा आरसा जोराने कसल्यावर काय होते ते सांगायला नको.

विजेचे थोडक्यात. जुन्या गाड्यांत ६ व्होल्टचे वायरिंग, नव्या भागांत १२ चे. ६ व्होल्टचा बल्ब १२ वर लावला तर ढोबळमानाने चौपट शक्ती त्याच्यातून जाते आणि तो उडतो. १२ चा ६ वर लावला तर चौथाईहूनही कमी उजेडाने मिणमिणतो. दुसरी गोष्ट अशी की जुन्या गाड्यांचा दिवा अनेकदा थेट मॅग्नेटोच्या एसी करंटवर चालतो, तर एलईडीला बॅटरीचा डीसी लागतो. तेव्हा नुसता हेडलाइटचा डोम बदलून उजेड येत नाही. कॉइल, रेक्टिफायर-रेग्युलेटर आणि बॅटरी एकदम बदलावी लागतात. ठिणगीची वेळ ठरवणारे पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक सीडीआय बसवताना फ्लायव्हील, पिकअप आणि सीडीआय एकाच घराण्याचे घ्यावेत, नाहीतर ठिणगी पडते पण चुकीच्या वेळी. आणि १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीचे इंजिन जुन्या चेसिसमध्ये टाकायचा विचार असेल तर तो बहुतेक सोडून द्यावा. त्या इंजिनासोबत टाकीतला पंप, इंजिनाचा संगणक म्हणजे इसीयू, सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर आणि सगळे वायरिंग यावे लागते. त्यातले एक जरी राहिले तरी इंजिन चालत नाही किंवा मनासारखे चालत नाही.

इथपर्यंत सगळे लेथवर सुटणारे होते. पुढचे प्रश्न आरटीओच्या दारात सुटतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. केरळच्या एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या १८२-अ कलमात बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. प्रत्येक बदलामागे, हे शब्द नीट वाचावेत.

म्हणून आरसीवर काय लिहिलेले असते ते गाडी खोलण्याआधी पाहावे. चेसिस क्रमांक, इंजिन क्रमांक, सीसी, इंधन, आसने, रंग, रिकाम्या गाडीचे वजन, दोन चाकांमधले अंतर. आरएक्स १०० ला १३५ चा ब्लॉक चढवला की सीसी बदलला. हँडलचा कोन कापून चॉपर केली की चाकांमधले अंतर बदलले. इंजिन बदलायचेच असेल तर त्याच कंपनीचे त्याच प्रकारचे घ्यावे, त्याचे बिल ठेवावे आणि नोंद आरसीवर करून घ्यावी. बिलाशिवाय भंगारातून आणलेले इंजिन चोरीचे निघाले तर गाडीसोबत माणूसही अडकतो. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. जुन्या गाडीला निरीक्षकासमोर उभे राहणे चुकत नाही. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येतो, आणि तेव्हा वाद घालायची ताकद कुणात नसते. फाटक्या आवाजाच्या सायलेन्सरबद्दल मी लिहीत नाही. त्याने गाडीची एकही गोष्ट सुधारत नाही.

माझे मत विचाराल तर नंदुरबारच्या रस्त्यांवर रोज चालणाऱ्या जुन्या गाडीला एकाच संचातली पुढची डिस्क, १२ व्होल्टचा चांगला दिवा आणि गरज असेल तर पुढे एक दात कमी, एवढे पुरे. चेसिसला वेल्डिंगची ज्योत लावू नये. इंजिनाच्या घराण्याबाहेर जाऊ नये. डिस्कच्या कामाला हात घालण्यापूर्वी एमएच-३९ च्या कार्यालयात आरसी दाखवून विचारून घ्यावे. हेलपाटा पडला तरी दंडापेक्षा स्वस्त.

आणि काढलेले मूळ भाग विकू नका. केंद्राने २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी जे नियम केले त्यांत पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. रोजच्या वापरासाठी नव्हे, पण प्रदर्शनासाठी, मेळाव्यांसाठी. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, सांगाडा आणि इंजिन यांत मोठा फेरफार चालत नाही. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९७० च्या दशकात केलेल्या गाड्या आता त्या वयाला पोहोचत आहेत. बोल्टने जोडलेली डिस्क सोडवून जुना ड्रम परत बसवायला एक दिवस लागतो. म्हणून जुने शॉकप, ड्रम, डोम, मॅग्नेटो ग्रीस लावून, प्रत्येकाला चिठ्ठी बांधून पोत्यात ठेवा, आणि पोत्यावर गाडीचा नंबर लिहायला विसरू नका.